चढाकडे पडलेलं हेलिकॉप्टर

कागद तीन दिवस टेबलावर पडून होता आणि काटेवाली त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती.

म्हणजे वाचला नव्हता असं नाही. पहिल्याच दिवशी चष्मा चढवून, ओळीखाली बोट फिरवत, तिने तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचला होता. मग घडी न घालता कोपऱ्यात सरकवला, उडू नये म्हणून वर पाव किलोचं पितळी वजन ठेवलं आणि कामाला लागली. कागदात लिहिलं होतं की वरच्या पंख्याच्या एका पात्याचा बोल्ट जोडणीच्या वेळी नीट आवळला गेला नाही, त्यामुळे हेलिकॉप्टर उडताक्षणी कलंडून मोडलं, आणि ही चूक मला मान्य आहे. खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ. रेघेखाली छापलं होतं: जोडणीकार.

"जोडणीकार!" ती सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाली होती. "नऊ वर्षं हजेरीपुस्तकात मी मदतनीस. आणि खापर फोडायची वेळ आली तशी जोडणीकार? बढती झाली की हो माझी!"

कुणी हसलं नाही. ज्यांना हसू आलं त्यांनी खोकून घेतलं.

कारखान्यांच्या लांबलचक रांगेतली ती सतरा नंबरची शेड. वर पत्रा, खाली घासून गुळगुळीत झालेली फरशी, आणि चार टेबलांवर उघडी पडलेली छोटी हेलिकॉप्टरं. खेळण्यातली नव्हेत. माणूस आत बसणार नाही एवढी लहान, पण पातं लागलं तर हात तोडील एवढी मोठी. उंच खांबांवरच्या विजेच्या तारा कुठे झिजल्या, कुठे लोंबल्या हे कॅमेऱ्याने बघून यायचं त्यांचं काम. तारांच्या जवळ जायचं म्हणजे वाऱ्यातसुद्धा एका जागी खिळल्यासारखं उभं राहता आलं पाहिजे. तिथेच सगळी मेख. हेलिकॉप्टर हा मुळात पडायला टपलेला प्राणी. सोडलं तर एका श्वासात आडवा होतो. त्याला उभं ठेवायचं तर कुणीतरी सतत बघत राहावं लागतं, की बाबा तू वाकडा झालास का, झालास तर किती, आणि लगेच उलट बाजूला सावरावं लागतं. माणसाला ते झेपत नाही. म्हणून पोटात एक छोटी पट्टी बसवलेली असते. ती सेकंदाला शेकडो वेळा तोल तपासते आणि शेकडो वेळा सावरते.

त्या पट्टीचं गणित लिहायचा तो गणिती. तिशीचा, काटकुळा, केस विंचरायला विसरणारा. उडवायचं काम उडव्याचं. तो रिमोट गळ्यात अडकवून फिरायचा आणि जेवतानाही काढायचा नाही. या सगळ्यांच्या वर साहेब. आणि पाती जोडायची, तोलायची, बोल्ट आवळायचे ते काटेवालीने.

हे नाव तिला बापामुळे पडलं. बाप तराजू दुरुस्त करायचा. भाजीवाल्यांचे, सोनारांचे, धान्याच्या दुकानांतले. घरात भिंतभर पारडी टांगलेली, दारात साखळ्यांचा ढीग. दांडीच्या मधल्या धारेवर कानस कशी फिरवायची, हे तिला शाळेत पाढे यायच्या आधी यायला लागलं. बापाची एक खोड होती. दुरुस्त झालेला तराजू गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो रिकामी पारडी दाखवायचा. "बघून घ्या," म्हणायचा, "काहीच नसताना काटा मधोमध आहे ना? हे आधी बघायचं. वजनाचं मग." घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, दिसतंय हो, द्या लवकर. बाप द्यायचा नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय तराजू हातातून सुटायचा नाही.

लग्नानंतर तिने पंख्यांच्या मोटरी गुंडाळल्या, मग कुठल्याशा कारखान्यात शिलाई मशीनचे सुटे भाग तपासले, आणि सदतिसाव्या वर्षी या शेडमध्ये मदतनीस म्हणून लागली. झाडू मारायला, खोकी उघडायला. तिसऱ्या महिन्यात तिने बघितलं, की पाती तोलणारा माणूस दोन पाती दांडीला लावतो, हलक्या पात्यावर चिकटपट्टीचा तुकडा डकवतो आणि डोळे मिचकावून "झालं" म्हणतो. ती झाडू टेकवून म्हणाली, "झालं नाही. दांडी अजून श्वास घेतेय." त्याने झाडूकडे बोट दाखवलं. तिने झाडू त्याच्या हातात दिला आणि चिकटपट्टी अर्ध्या नखाएवढी कापून दाखवली. दांडी मेल्यासारखी निश्चल झाली. त्यानंतर तो माणूस सोडून गेला, टेबल तिच्याकडे आलं. हुद्दा आला नाही.

तिची आणखी एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. बोल्ट मापाच्या पान्याने आवळला, की ती लाल नेलपॉलिशने बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. घरी नेलपॉलिश कधी नखाला लागलं नाही, पण वर्षाला चार बाटल्या लागायच्या. दुकानदारीण म्हणायची, "मावशी, शौकीन आहात हं." ही म्हणायची, "आहेच मुळी. माझी हेलिकॉप्टरं बघा कशी नटलेली असतात."

तर त्या दिवशी विजेच्या खात्याचे पाहुणे आले होते. शेडच्या मागे सिमेंटचा चौथरा आहे, त्यावर हेलिकॉप्टर ठेवलं. उडव्याने बॅटरी लावून ते जागं केलं. एरवी जागं करतो आणि मिनिटभरात उडवतो. पण साहेबांना भाषणाची हुक्की आली. कंपनी कशी उभी राहिली, मग देशाची प्रगती, मग विजेचं महत्त्व, तेही वीजवाल्यांनाच. वीस मिनिटं गेली. हेलिकॉप्टर बिचारं चौथऱ्यावर जागंच बसून होतं. मग साहेबांनी हात केला, पाती फिरली, यंत्राने जमीन सोडायचा विचार केला न केला तोच डावीकडे भेलकांडलं, पात्याने सिमेंटवर ठिणग्या काढल्या आणि तुकडे पाहुण्यांच्या पुढ्यात पडले.

मोडलेल्या यंत्रात एका पात्याचा बोल्ट वाकलेला, अर्धा बाहेर आलेला सापडला. झालं. कारण मिळालं.

"अहो साहेब, ते आपटल्यावर वाकलंय," काटेवालीने लाल रेघ दाखवली. "ही बघा, डोक्यावरची रेघ आणि खालची रेघ एका ओळीत आहे. बोल्ट फिरलाच नाही."

"बाई, रेघ काय, नंतरही ओढता येते."

हे वाक्य तिला लागलं. बोल्टचा आरोप एकवेळ तिने ऐकून घेतला असता. पण रेघ नंतर ओढली म्हणणं म्हणजे बापाने पारड्याखाली मेण चिकटवलं म्हणण्यासारखं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "मी चुकेन. खोटी रेघ ओढणार नाही."

साहेब काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्याही डोक्यावर खातं बसलं होतं, आठवड्यात कारण लेखी द्या म्हणून. यंत्रात खोट आहे म्हटलं तर सगळीच यंत्रं परत. माणसाची चूक म्हटलं तर माणूस बदलला की विषय मिटतो. त्याने हिशोब केला आणि तिला समजावलं, "सही करा. मी तुम्हाला काढत नाही. भांडारात बसा, खोकी बघा. वय झालंय, उभं राहून किती काम करणार? नाही केलीत तर मात्र सोमवारपासून येऊ नका. शुक्रवारी चारपर्यंत सांगा."

"आत्ताच सांगते. नाही."

"शुक्रवारी सांगा," म्हणून साहेब निघून गेला.

घरी नवऱ्याने कपाळावर हात मारला. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून संध्याकाळी त्याला फक्त शांतता हवी असायची. "अगं, एक सही तर करायची. त्यांनाही माहीत आहे तुझी चूक नाही. कागदाचं पोट भरायचंय."

"मग तुमच्या सहीने भरू दे."

"मी कुठे बोल्ट आवळले?"

"मीही सोडले नाहीत."

"बस खड्ड्यात आपटली की मी पण लिहून देतो, माझं दुर्लक्ष झालं म्हणून. काय झिजतं?"

"तुमचं झिजत नसेल. उद्या माझ्या हातचं यंत्र कुणी वर सोडताना म्हणेल, जरा बघून घ्या रे, बाईच्या हाताचा भरवसा नाही. ते मी भांडारात बसून ऐकू? खोकी मोजत?"

नवरा पाणी प्यायला उठला. आतल्या खोलीतून म्हातारा बाप ओरडला, त्याला अर्धंच ऐकू यायचं, "कुणाचा तराजू आलाय?"

"कुणाचा नाही, बाबा. झोपा."

"रिकामी पारडी दाखवलीस का?"

"दाखवली हो!" ती चिडून म्हणाली, आणि भाकीत केल्यासारखं काही तिला त्यात दिसलं नाही. म्हातारा रोजच हे विचारायचा.

शुक्रवारी सकाळी ती लवकर आली. टेबलाशी बसवेना, म्हणून बादली घेऊन मागच्या चौथऱ्यावर गेली. सिमेंटवर पात्याने ओरखडे काढले होते, तेलाचा डाग पडला होता. तो तसा ठेवणं तिला बघवत नव्हतं. तिने साबणाचं पाणी ओतलं आणि खराटा उचलला.

पाणी डागाकडे गेलंच नाही. ते उलट बाजूला, नाल्याकडे वाहत सुटलं.

ती खराट्यावर रेलून उभी राहिली. चौथऱ्याला उतार आहे हे तिला नवीन नव्हतं. पाणी साचू नये म्हणून गवंड्याने दिलेला, बोटभर असेल नसेल. पण नाला या अंगाला आणि डाग त्या अंगाला. तुकडे तिनेच गोळा केले होते, सगळे त्याच अंगाला पडले होते. म्हणजे हेलिकॉप्टर उताराकडे पडलं नव्हतं. ते चढाकडे पडलं होतं.

तोल गेलेली वस्तू वर पडते कधी? बोल्ट सैल असेल तर यंत्र थरथरेल, दात वाजवल्यासारखं करील, कुठेही जाईल. पण चढावर जायला जोर लागतो. कुणीतरी ढकलायला हवं.

ती तशीच ओल्या पायांनी आत गेली. गणिती पडद्यात डोकं घालून बसला होता.

"ए गणिती, उठ. तुझं यंत्र पोटातून स्वतःलाच ढकलतं का?"

"ढकलतंच की, ताई. त्याचंच तर काम आहे ते."

"मागे मला सांगितलं होतंस, तीन जण आहेत आत म्हणून. परत सांग. आणि पडद्याकडे नको, माझ्याकडे बघून सांग."

गणिती ओशाळला. चहाच्या वेळी तिने एकदा विचारलं होतं तेव्हा त्याने हे हौसेने सांगितलं होतं. आता जरा चाचरत म्हणाला, "पहिला बघतो आत्ता किती वाकडं झालंय, तेवढं सावरतो. दुसरा बघतो किती वेगाने वाकडं होतंय, आणि जास्त झोकांडी जायच्या आधी लगाम खेचतो. तिसरा साठवणवाला. मागचं सगळं वाकडेपण जमवत जातो. समजा वारा एका बाजूने लावून धरतोय, तर पहिल्या दोघांचं बळ थोडं कमी पडतं. तेव्हा हा म्हणतो, किती वेळ झाला, अजून सरळ होत नाही, थांब, आणखी जोर लावतो."

"म्हणजे माझी नणंद."

"हो, तुम्ही तेव्हाही तेच म्हणाला होतात."

"म्हणालेच होते. आत्ताचं भांडण आत्ता करून मोकळं व्हायचं तर नाही. लग्नात हिला मागच्या रांगेत खुर्ची दिली, ते बावीस वर्षं साठवून ठेवलंय. आणि बाहेर कधी काढते? घरात चार माणसं आली, जरा चांगलं चाललंय, की तेव्हा." ती टेबलावर ओणवी झाली. "आता मला सांग, त्या दिवशी माझ्या नणंदेला तुम्ही वाकड्या चौथऱ्यावर किती वेळ बसवून ठेवलंत?"

गणिती बोटांवर मिनिटं मोजायला लागला.

"बॅटरी लावली होती. पट्टी जागी होती. साहेबांचं भाषण वीस मिनिटं. यंत्र नाल्याकडे बोटभर कललेलं. ती बया आत बसून म्हणतेय, मी वाकडी, मी वाकडी, मला कुणी सरळ करत नाही. सावरायचा प्रयत्न करतेय, पण पाती बंद, काही होत नाही. साठवतेय. साठवतेय. आणि पाती फिरल्यावर?"

"सगळं एकदम," गणिती पुटपुटला. "उताराच्या उलट. चढाकडे."

त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. तो कळफलकाच्या कडेवर नख घासत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, साठवणीला वर एक मर्यादा असते. याहून जास्त जमवायचं नाही म्हणून. पूर्वी ती छोटी होती. गेल्या महिन्यात उडव्या म्हणाला, जोराच्या वाऱ्यात यंत्र सरकतंय. म्हणून मी ती वाढवली. सहापट."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. बारीकसा आकडा होता."

 तिला रागवायचं होतं, पण समोरचा माणूस आधीच अर्धा झाला होता.

"तुझं तू बघ," ती म्हणाली. "सांगायचं असेल तर सांग, नसेल तर मी तुझ्या नावाने बोंब मारणार नाही. कुणावर तरी ढकलून द्यायचं हेच तर माझ्याशी केलंय यांनी. पण तुझं यंत्र काय करतं ते मी आज दाखवणार. चारच्या आत."

उडव्याला पकडलं तेव्हा तो रिमोटच्या पट्ट्यातून मान खाजवत होता. ऐकून तो आधी इकडेतिकडे बघायला लागला.

"तुला काहीतरी माहीत आहे," काटेवाली म्हणाली.

"नाही हो... म्हणजे, दोन आठवड्यांपूर्वी जागं केलं आणि बायकोचा फोन आला. बोलून झाल्यावर उठवलं तर असा झोक गेला डावीकडे, की माझं काळीज गळ्यात. हाताने सावरलं. वारा असेल म्हटलं."

"किती वेळ बोललास?"

"दहा मिनिटं."

"बायकोशी दहाच मिनिटं?"

"ती बोलत होती. मी दहाव्या मिनिटाला फोन ठेवला."

"आणि हे कागदात का नाही आलं?"

"मला कुणी विचारलंच नाही, ताई." तो खाली बघून म्हणाला. "तुम्हाला विचारलं, तेव्हा मला जरा बरंच वाटलं. खरं सांगतो."

"खरं सांगितलंस ते बरं केलंस. चल, लंगडी काढ."

लंगडी म्हणजे पहिल्या वर्षीचं जुनं हेलिकॉप्टर, एक पाय तारेने बांधलेला. गणितीने त्यात मोडलेल्या यंत्रातलंच गणित भरलं, मर्यादा वाढवलेल्यासकट. काटेवालीने जुनी लाकडी पाती लावली, मोडली तर मोडली. पण तोलली मात्र नेहमीसारखीच, चिकटपट्टीचा तुकडा दोनदा कापून, आणि बोल्टवर लाल रेघ ओढून उडव्याला ती बोटाने दाखवली. "बघून घे. नंतर ओढली म्हणशील." चौथऱ्याभोवती जाळी उभी केली, खोक्यांतला फोम अंथरला, यंत्राला चार विटांना सैल दोऱ्यांनी बांधलं.

जेवायच्या सुट्टीत सगळी शेड जाळीमागे उभी. साहेब खिडकीतून ओरडला, "काय चाललंय? परवानगी कुणाची?"

"चारपर्यंत वेळ दिलाय ना तुम्ही!" ती तिथूनच ओरडली. "माझा वेळ आहे, मी वापरतेय. या खाली, बघा तरी."

साहेब आला. येताना चपला आपटत आला.

पहिल्या खेपेला तिने पाणसळ लावून लंगडीच्या एका पायाखाली प्लायच्या पातळ चकत्या सरकवल्या. बुडबुडा मधोमध आला. जागं करून वीस मिनिटं ठेवलं. वीस मिनिटं म्हणजे किती असतात ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. साहेबाने दोनदा घड्याळ बघितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "साहेब, भाषण करा, वेळ जाईल." खोकल्याची साथ आली.

पाती फिरली. लंगडी सरळ वर आली, दोऱ्यांच्या टोकाशी तरंगली, खाली बसली.

दुसऱ्या खेपेला चकत्या काढल्या. उतारावर ठेवलं, जागं केलं, लगेच उडवलं. किंचित डुललं, सावरलं, उभं राहिलं.

"बोल्ट तेच," ती म्हणाली. "पातीही तीच. आता बघा."

तिने यंत्र उतारावर ठेवलं, पण तोंड फिरवून, शेपूट पुढे. मग खिशातून खडू काढला आणि चौथऱ्यावर, चढाच्या अंगाला, हातभर अंतरावर फुली मारली.

"त्या दिवशी यंत्र आपल्या डाव्या कुशीवर पडलं. आज तोंड उलटं आहे, तर उजव्या कुशीवर पडेल. पण पडेल चढाकडेच. या फुलीवर. बोल्टला कुशी कळत नाही, साहेब. बोल्टला चढ-उतारही कळत नाही."

"आणि नाही पडलं तर?"

"तर सही करते. तुमच्यासमोर, आत्ता, उभ्या उभ्या."

 गणिती जाळी घट्ट धरून उभा होता. काटेवालीने खडू परत खिशात टाकला. एवढं बोलून गेले खरं, पण वारा आला, दोरी अडकली, लंगडीने लंगडेपणा केला, तर सगळंच संपलं. नऊ वर्षं एका खडूच्या फुलीवर ठेवली होती. बारा मिनिटं झाली. पंधरा. एक ढग आला आणि गेला. वीस.

"उडव," ती म्हणाली.

पाती फिरली, वेग आला, आणि लंगडी एक पाय टेकून, दुसरा झटक्यात उचलून, उजव्या कुशीवर, चढाकडे अशी कोसळली की जणू कुणी कानशिलात दिली. लाकडी पात्याचा तुकडा फोमवरून उडून थेट जाळीला लागला. धूळ बसल्यावर सगळ्यांनी बघितलं. यंत्राचं नाक फुलीच्या वीतभर पलीकडे होतं.

"वीतभर चुकलं," काटेवाली म्हणाली. "माफ करा."

मग मात्र शेड हसली, आणि या वेळी कुणी खोकलं नाही.

ती जाळीच्या आत गेली, लंगडीच्या पात्याचा बोल्ट खालच्या धातूच्या तुकड्यासकट काढून आणला आणि साहेबापुढे धरला. बोल्ट वाकला होता, अर्धा बाहेर आला होता, अगदी पहिल्यासारखा. डोक्यावरची लाल रेघ खालच्या रेघेच्या ओळीत होती. ती रेघ ओढताना उडव्याने बघितली होती.

साहेबाने तो उजेडाकडे धरून बघितला. तेवढ्यात गणिती पुढे आला. आवाज चिरकत होता. "सर, मर्यादा मी वाढवली होती. लिहून ठेवलं नाही. चूक माझी आहे."

"आणि दहा मिनिटांचा झोक मी लपवला," उडव्या म्हणाला, मग घाईघाईने, "फोन बायकोचा होता."

साहेबाने कपाळ चोळलं. "मग आता उपाय काय? मर्यादा परत कमी करायची? वाऱ्यात सरकेल."

गणिती विचारात पडला. काटेवाली म्हणाली, "कमी कशाला करता? माझा बाप तराजू हातात देण्याआधी रिकामी पारडी दाखवायचा. काटा मधोमध, मग वजन. तुमच्या त्या बयेला सांगा, पाय जमिनीवर आहेत तोवर काही साठवायचं नाही. जमीन सुटली, की मग धर मनात काय धरायचं ते."

"एका ओळीचं काम आहे," गणिती म्हणाला, आणि पळालाच.

साडेतीनला साहेब नवीन कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला. स्वतः आला, शिपायाला पाठवलं नाही. तिने चष्मा चढवला, बोट ठेवून वाचलं. अपघाताचं कारण अज्ञात तांत्रिक अडचण. ती आता दूर केली आहे.

"अज्ञात?" ती म्हणाली.

"बाई, खात्याला एवढंच पुरे."

"खात्याला पुरेल. मला पुरत नाही. आख्ख्या शेडने डोळ्यांनी बघितलंय आणि अज्ञात? उद्या कुणी विचारेल, त्या बाईच्या बोल्टचं काय झालं? तुम्ही म्हणाल, अज्ञात. म्हणजे मी अर्धी सुटले, अर्धी अडकले. नाही चालायचं. काय झालं ते लिहा. यंत्र वाकडं बसलं, साठवण झाली, चढाकडे पडलं. आणि बोल्ट नीट आवळलेला होता, हेही लिहा."

"फार लांबतं."

"तुमचं भाषण वीस मिनिटांचं होतं, साहेब."

साहेबाने कागद परत घेतला. मग, काय वाटलं कुणास ठाऊक, खुर्ची ओढून तिच्याच टेबलाशी बसला आणि हाताने लिहायला लागला. ती ओणवी होऊन बघत होती, मधेच एक शब्द खोडायला लावत होती. लिहून झालं. खाली तिघांची नावं टाकायची जागा सोडली. गणितीच्या नावापुढे पद लिहिलं, उडव्याच्या नावापुढे लिहिलं, आणि तिच्या नावापुढे सवयीने लिहायला गेला, "मद—"

"थांबा."

तिने पितळी वजन उचललं. खालचा तीन दिवसांचा कागद ओढून काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला. ठिपक्यांच्या रेघेखाली छापलेल्या शब्दावर बोट ठेवलं.

"या कागदातलं एवढंच खरं होतं," ती म्हणाली. "ते तुम्हीच लिहिलंय. आता माघार घेऊ नका."

साहेबाने "मद" वर आडवी रेघ ओढली. वर लिहिलं: जोडणीकार.

मग काटेवालीने लाल बाटलीचं झाकण घट्ट लावून बाजूला ठेवलं, पेन घेतलं आणि सही केली. पूर्ण नावाने, नवऱ्याच्या आणि बापाच्याही, ओळीबाहेर गेली तरी.